राख्या, पी ढबाक आणि त्रेचाळीस फूट

उत्तर इंग्लंडमधल्या एका विशेष शाळेत मी वर्गसहायक आहे. जुलैच्या शेवटी शाळेला सुट्टी लागली की आमच्यातल्या काहीजणी स्वयंसेवक म्हणून परदेशी जातात. कुणी घानाला, कुणी नेपाळला, बहुतेक वेळा एखाद्या एजन्सीला बख्खळ पैसे मोजून. मी जिच्या वर्गात सहायक आहे ती शिक्षिका माझी मैत्रीण. ती बरीच वर्षं मागे लागली होती, की तुझ्या देशात जाऊ, एजन्सी नको, तू आहेसच. माझं माहेर सोलापूर, सासर पुणं. कोल्हापूर म्हणजे लग्नानंतर अंबाबाईच्या दर्शनाला गेले होते तेवढंच. पण आमच्या आत्तेसासूबाई तिथे मंगळवार पेठेत राहतात आणि त्यांची शेजारीण मतिमंद मुलांच्या एका शाळेत मावशी म्हणून कामाला आहे. तेवढा धागा पुरला.

शाळेच्या मुख्याध्यापिकांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणतात. फोनवर त्यांनी आधीच सांगून टाकलं, "आठवडाभरासाठी येणार असाल तर नको. मुलांना शिकवायला येणार असाल तरी नको." मग यायचं कशाला, असं मी विचारलं. "या तर खरं, कामं भरपूर आहेत."

कुणाला जायचं असेल तर कागदपत्रांचं इथेच सांगून टाकते. परदेशी पासपोर्ट असलेल्याला भारताच्या ई-टुरिस्ट व्हिसावर बिनपैशाचं स्वयंसेवी काम करता येतं, पण जास्तीत जास्त एक महिना. त्याहून जास्त राहायचं असेल तर दुसरा व्हिसा लागतो. इंग्लंडमध्ये मुलांसोबत काम करणाऱ्यांची जी पोलीस पडताळणी होते, तिची प्रत शाळेने मागितली नव्हती तरी आम्ही नेली. मोठ्या बाईंनी ती नीट वाचून फाइलला लावली, तेव्हाच शाळा चांगली आहे हे कळलं. जी शाळा कुणालाही, काहीही न विचारता मुलांमध्ये सोडते तिथे जाऊच नये.

शनिवार

महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी कोल्हापूरला उतरलो तर पाऊस आडवा. रिक्षावाल्याने बॅगा चढवता चढवता पहिली बातमी दिली, "राजाराम बंधारा गेला बघा पाण्याखाली." सांगताना काळजी होती की कौतुक, ते कळेना. हा पंचगंगा नदीवरचा बंधारा. पुढे कळलं की जुलैत कोल्हापुरात कुणी भेटलं की 'कसं काय' ऐवजी हेच बोलतात.

आत्यांच्या घरात माजघरभर दोऱ्या आणि दोऱ्यांवर ओले कपडे. त्यांनी माझ्या मैत्रिणीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि पाच मिनिटांत तिचं नाव 'पाव्हणी' पडलं. मीही पुढे तेच वापरते.

"पाव्हणी मटण खाती न्हवं?"

पाव्हणी शाकाहारी आहे, हे मी हळूच सांगितलं.

"आता गं बया! आखाडात आली आणि मटण न्हाई? मग मी आता काय करतो?"

श्रावण लागायच्या आत जेवढं खाऊन घेता येईल तेवढं घ्यायचं, असा तिथला आखाड. आत्यांनी रविवारचं मटण आधीच सांगून ठेवलं होतं.

रविवार

आत्यांचा पांढरा रस्सा करताना मी शेजारी बसून पाहिला. मटण आलं-लसूण घालून शिजवायचं आणि त्याचं पाणी वेगळं काढायचं. खसखस, तीळ, काजू गरम पाण्यात भिजवून पाट्यावर इतके बारीक वाटायचे की बोटाला कण लागता कामा नये. मग तुपात लवंग-दालचिनी-वेलदोडा, त्यावर वाटण, त्यावर ते पाणी आणि शेवटी नारळाचं दूध. नारळाचं दूध पडलं की गॅस बारीक, उकळी फुटू द्यायची नाही. तांबड्याला एवढे लाड नाहीत. त्यात कांदा-लसूण मसाला आणि वर तर्रीचा बोटभर थर.

पाव्हणीसाठी आत्यांनी मटणाच्या पाण्याऐवजी फ्लॉवर आणि कांद्याचं पाणी घेऊन वेगळा पांढरा केला. त्याला त्या 'खोटा पांढरा' म्हणत होत्या. पाव्हणीने तो वाटीवर वाटी ओतून प्यायला. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गल्लीत पसरली होती.

दुपारी पाऊस थोडा उघडला तेव्हा कसबा बावड्याला शाहू महाराजांचं जन्मस्थळ पाहून आलो. 1917 साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. पाव्हणीने वर्ष दोनदा विचारून घेतलं. मग तिने विचारलं, "आपल्या शाळेतल्यासारख्या मुलांना ते कधी लागू झालं?" खरं सांगायचं तर त्याला फार वेळ लागला. अपंगांसाठीचा पहिला व्यापक कायदा 1995 चा, त्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. 2016 च्या कायद्याने ते 21 केले, त्यात स्वमग्नताही आली. तिच्या देशानेही फार आधी काही केलं नव्हतं. मतिमंद ठरवलेल्या मुलांना तिथे 1970 च्या कायद्यापर्यंत 'शिकवण्यास अयोग्य' म्हणून शाळेबाहेरच ठेवत. हे तिनेच सांगितलं.

सोमवार

शाळा शहराच्या कडेला, पत्र्याच्या शेडसारखी पण लांबरुंद. पत्र्यावर पाऊस पडायला लागला की शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागतं. प्रार्थना, हजेरी, मग प्रत्येकाला शौचाला नेऊन आणणं. दिवसाचा पहिला तास त्यातच जातो आणि तो वाया जात नाही. नाडी सोडणं, बांधणं, तांब्या धरणं, हात धुणं हाच अभ्यासक्रम. आमच्याकडे एका वर्गात नऊ मुलं आणि आम्ही चौघी. इथे त्याहून जास्त मुलांना एक बाई आणि अर्धी मावशी. अर्धी अशासाठी, की ती दोन वर्गांत वाटलेली.

मोठ्या बाईंनी खोलीत बसवून चहा दिला आणि मागे आलेल्या एका परदेशी गटाची हकिगत सांगितली. गिटार, फुगे, गळ्यात गळे, खूप फोटो. ते निघून गेले आणि एक मुलगी पुढे कित्येक दिवस शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभी राहायची, घरी जायला तयार नसायची. "तिला कसं सांगायचं, ते लोक येणार नाहीत म्हणून? तिला उद्या म्हणजे काय तेच कळत नाही." म्हणून त्यांची अट अशी की नव्या माणसाने मुलांच्या जवळ जायचं नाही, बाईंच्या हाताखाली राहायचं. हातातली कामं आपण उचलायची म्हणजे बाई मुलांना मोकळ्या होतात. इंग्लंडमध्ये इतकी वर्षं काढून मला हे कुणी इतकं उघड सांगितलं नव्हतं. पाव्हणीचा चेहरा जरा पडला होता. तिने बॅगेत हातमोज्याच्या बाहुल्या आणल्या होत्या.

आम्हाला धाडलं कार्यशाळेत. अठरा पूर्ण झालेली मुलं-मुली तिथे काम करतात आणि जुलैत राख्यांचा हंगाम असतो. मी विशेष शिक्षणातली पुस्तकं वाचली आहेत, पण कामाचे छोटे छोटे टप्पे पाडून देणं म्हणजे काय ते त्या टेबलाशी बसून पाहिलं. एका फळीवर दोन खिळे ठोकलेले. रेशमाचा दोरा पहिल्या खिळ्यापासून दुसऱ्यापर्यंत न्यायचा आणि कापायचा. मोजायला यावं लागत नाही, दोरा दरवेळी बरोबर तेवढाच येतो. पुढच्याकडे पुठ्ठ्याला पाडलेलं एक भोक. ते स्पंजच्या चकतीवर ठेवायचं आणि भोकात दिसेल तिथेच गोंदाचा थेंब. त्याच्या पुढची मुलगी थेंबावर मणी ठेवते, फक्त मणी, दिवसभर. तिचे हात थरथरतात म्हणून मनगटाखाली वाळूची पिशवी दिलेली. शेवटी बसतो तो 'साहेब'. तिशीचा गडी, बोलतो कमी. प्रत्येक राखी उजेडाला धरतो आणि मणी वाकडा दिसला की डब्यात टाकतो. पाव्हणीने केलेल्या पहिल्या सगळ्या राख्या साहेबाने डब्यात टाकल्या. सगळं टेबल हसलं. पाव्हणीही हसली, पण मग तिने मणी खरंच नीट लावायला घेतले.

राख्यांचे पैसे या मुलांच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा होतात. रक्कम मोठी नसते, पण घरी पासबुक दाखवता येतं.

मंगळवार

आषाढातल्या मंगळवारी आणि शुक्रवारी कोल्हापुरात पेठापेठांतून त्र्यंबोलीच्या यात्रेच्या मिरवणुका निघतात. पंचगंगेचं नवं पाणी कलशांतून टेंबलाईच्या टेकडीवर नेतात, पुढे पी ढबाक. फुंकायच्या वाद्याचा पीं आणि ढोलाचा ढबाक, नावाप्रमाणेच. एकदा कानात बसलं की रात्रीपर्यंत निघत नाही.

शाळा सुटल्यावर मुलांना सोडायच्या गाडीतून आम्ही चाललो होतो आणि एका चौकात मिरवणूक आडवी आली. गाडीत दहा-अकरा वर्षांचा एक स्वमग्न मुलगा होता. शाळेत मिक्सर लावायच्या आधी त्याला अंगणात नेतात. कुकरच्या शिट्टीला तो जमिनीवर लोळण घेतो. ढोल ऐकू आल्याबरोबर पाव्हणीने पर्समधून आवाज अडवणारे इयरमफ काढले. आमच्या शाळेत ते प्रत्येक वर्गात खुंटीला टांगलेले असतात. गाडीत सोबत असलेल्या वर्गाच्या बाईंनी तिचा हात धरला. "थांबा. बघा."

गाडीवाल्या मामांनी इंजिन बंद केलं. मुलाने दोन्ही हात कानांवर नेले होते ते खाली आणले. काचेला नाक लावलं. ढबाकच्या प्रत्येक ठोक्याला त्याचं डोकं पुढे जात होतं आणि पींला मागे, अगदी बिनचूक. मिरवणूक संपेपर्यंत तो तसाच डोलत राहिला आणि गाडी चालू झाल्यावर इंजिनच्या आवाजाला मात्र कान झाकून घेतले.

"त्याचे वडील याच ताफ्यात वाजवतात," बाई म्हणाल्या. "पाळण्यात होता तेव्हापासून ऐकतोय तो हे."

कोणता आवाज मुलाला टोचतो आणि कोणता नाही, हे डेसिबलवर ठरत नाही. तो आवाज कधी येणार, कसा येणार, कधी थांबणार हे त्याला ठाऊक आहे का, यावर बरंच अवलंबून असतं. पाव्हणीने रात्री हे तिच्या वहीत लिहून घेतलं आणि इयरमफ बाईंकडे ठेवायला दिले, मिक्सरसाठी.

बुधवार

आज चित्रकार्डं. इंग्लंडमध्ये बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी आम्ही तयार चित्रांची कार्डं वापरतो आणि पाव्हणी तो सगळा संच घेऊन आली होती. त्यात सँडविच आहे, बाथटब आहे, बसायच्या कमोडचं चित्र आहे. राधानगरीकडच्या एखाद्या मुलीने त्याचं काय करायचं? बाईंकडे हाताने काढलेली काही कार्डं होती, पण ओलीने फुगलेली. म्हणून सगळं नव्याने करायचं ठरलं. आत्यांच्या स्वयंपाकघरात भाकरीचा, आमटीच्या वाटीचा, बादली-तांब्याचा फोटो काढला. शाळेच्या संडासाच्या दाराचा काढला, कारण मुलांना ते दारच ओळखीचं. एसटी, केएमटी म्हणजे शहरातली बस, शाळेची गाडी आणि मामा. मामा फोटोसाठी भांग पाडून आले.

फोटो काढताना एक पाळावं. वस्तू एकटी असावी आणि खाली साधा कापडी तुकडा असावा. मागे कॅलेंडर, बाटली, मांजर दिसलं की मूल मांजराकडेच बघतं. लॅमिनेशन करणाऱ्या दुकानदाराने आणखी एक गोष्ट शिकवली. "ताई, चमकतं नको, मॅट घ्या. चमकत्यावर ट्यूबलाइट उमटती, पोरांना काय दिसणार?" हे मला कुठल्याच प्रशिक्षणात कुणी सांगितलेलं नाही.

संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर. म्हैस समोर उभी, धार काढून ग्लास हातात. पाव्हणीने आधी म्हशीकडे पाहिलं, मग ग्लासाकडे, आणि ग्लास रिकामा केला. मी मात्र घरी आल्यावर उकळून घेतलेलं प्यायले. पोट नाजूक असेल त्यांनी हेच करावं.

गुरुवार

वर्गाच्या भिंतीवर दार आणि खिडकीच्या मध्ये कागदाची उभी पट्टी होती, शिंप्याच्या टेपसारखी. सोमवारपासून ती पाहत होते, पण मुलांची उंची मोजायला असेल असं वाटलं होतं. आज त्यावर एक मुलगा स्टुलावर उभा राहून निळा कागद चिकटवत होता. तेव्हा लक्षात आलं. ती पंचगंगा होती.

राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी रोज बातम्यांत येते. 39 फूट झालं की इशारा, 43 झालं की धोका. पट्टीवर 39 ला पिवळी रेघ, 43 ला लाल. बाई सकाळी मोबाइलवर आकडा बघतात आणि मुलं निळा कागद तेवढा वर सरकवतात. ज्या मुलाला पाच चमचे मोजून आणायला सांगितलं तर तो तीन आणतो किंवा सगळेच, तो मुलगा पिवळ्या रेघेवर बोट ठेवून "येकोणचाळीस" म्हणतो आणि लाल रेघेवर "तेरचाळीस, गुरं सोडायची" म्हणतो. त्याचं घर चिखलीला. नदी वाढली की सगळ्यात आधी चिखली आणि आंबेवाडीची माणसं जनावरांसकट सोनतळीला हलतात. त्याला ते आकडे कुणी शिकवले नाहीत, घरात दर पावसाळ्यात तेच बोलणं असतं.

आज निळा कागद पिवळ्या रेघेच्या वर होता. दुपारपर्यंत निम्मा वर्ग रिकामा झाला. पालक येऊन मुलांना नेत होते. चिखलीचा मुलगा जाताना स्टुलावर चढून पट्टीवरून एकदा हात फिरवून गेला.

मधल्या सुट्टीत गगनबावड्याकडून येणारी एक आई भेटली. मुलगा तेरा वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी. ती त्याला एसटीने आणते आणि शाळा सुटेपर्यंत वऱ्हांड्यात बसून असते. परत जाऊन पुन्हा यायला वेळच उरत नाही. आज रस्ता बंद होईल की काय म्हणून ती घाईत होती, तरी पाव्हणीला विचारायचं ते विचारूनच गेली. मी मध्ये बसून सांगत होते.

"तुमच्याकडं अशी पोरं मोठी झाल्यावर काय करत्यात?"

पाव्हणीने सांगितलं, की तिकडे 2014 पासून मुलाच्या शिक्षण-आरोग्य-देखभालीची एकच लेखी योजना करतात, ती वयाच्या 25 पर्यंत चालू शकते. त्यानंतर स्थानिक परिषदेकडे अर्ज करायचा आणि थांबायचं.

"मग थांबायचं तिकडं बी हायच की," आई म्हणाली आणि पिशवी उचलली.

मोठ्या बाईंनी नंतर सांगितलं, की या आईचं सगळ्यात मोठं काम अजून व्हायचंय. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आहे, 40 टक्क्यांच्या वरचं, यूडीआयडी म्हणजे अपंगांचं ओळखपत्रही आलं. निरामय योजनेत नाव घातलंय, त्यात वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत उपचाराचं विमा संरक्षण मिळतं. पण मुलगा अठराचा झाला की आई-वडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालकत्व घ्यावं लागतं. हे बहुतेक घरांना माहीतच नसतं आणि मग बँकेत खातं अडलं की धावाधाव. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असं मूल असेल तर सतरावं लागलं की चौकशी सुरू करा.

शुक्रवार

शाळा बंद. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले होते आणि गल्लीतला प्रत्येकजण जलतज्ज्ञ झाला होता. सातपैकी किती दरवाजे, किती तासांत पाणी शिवाजी पुलाशी, कुठल्या सालच्या पुरात आत्यांच्या ओळखीच्या कुणाच्या ओट्याला लागलं होतं, सगळं तोंडपाठ. मंगळवार पेठ उंचावर आहे म्हणून आम्ही निवांत होतो.

बाई निवांत नव्हत्या. त्यांच्या घरी गेलो तर त्या जमिनीवर वह्या पसरून फोन लावत बसल्या होत्या. शाळेतल्या बऱ्याच मुलांना फिट येतात आणि त्यांच्या गोळ्या रोज लागतात. दोन दिवस चुकल्या तर फिट परत येऊ शकते, तीही मोठी. पुराच्या दिवसांत घर सोडताना माणूस कागदपत्रं घेतो, दागिने घेतो, म्हैस घेतो, गोळ्यांचं पाकीट फळीवर राहतं. म्हणून पाणी 39 ला गेलं की बाई यादी काढतात. गोळी कोणती, किती दिवसांची शिल्लक, आता कुठे आहात. आम्ही दोघींनी त्यांच्याकडून अर्धी यादी घेतली. मी फोन करायचे आणि पाव्हणी गोळीचं नाव बघून रकान्यात लिहायची. कंपनीचं नाव वेगळं असलं तरी औषधांची मूळ नावं बहुतेक दोन्ही देशांत तीच, त्यामुळे या कामात ती माझ्यापेक्षा पुढे होती. दुपारपर्यंत तीन घरं सापडली जिथे गोळ्या संपत आल्या होत्या. एकाला शेजाऱ्याच्या गाडीवर, दुसऱ्याला ओळखीच्या कंडक्टरकडून पाठवल्या. तिसरं घर सोनतळीत होतं.

शनिवार, रविवार

सोनतळीला आम्ही बाईंसोबत गेलो. शेडमध्ये माणसं, बाहेर जनावरं, सगळीकडे ओल्या गवताचा आणि शेणाचा वास. चिखलीचा मुलगा आजीजवळ बसला होता. घरापासून लांब, रोजचा क्रम मोडलेला, असं मूल बिथरलेलं असेल अशी आमची तयारी होती. बिथरलेला होता, पण वेगळ्याच कारणाने. त्याची पट्टी शाळेत राहिली होती. बाईंनी पिशवीतून कागदाची लांब गुंडाळी काढली, शेडच्या खांबाला चिकटवली आणि लाल रेघ काढली. निळा कागद त्यानेच लावला, लाल रेघेच्या वर. आजूबाजूची दोन-चार मोठी माणसंही येऊन आकडा विचारू लागली आणि तो प्रत्येकाला सांगू लागला. आजीने गोळ्या कनवटीला लावल्या.

रविवारी आत्यांच्या माजघरात राख्या. मागणी आधीच घेतलेली, दुकानदार थांबणार नव्हते. साहेबाची आई त्याला पायी घेऊन आली, कारण त्याच्या तपासणीशिवाय मालच जाऊ देणार नाही असा त्याचा हट्ट. आत्यांनी गोंद लावलेल्या काही राख्या त्याने डब्यात टाकल्या. आत्यांना जन्मात कुणी असं केलं नसेल. "आवं, मी वाळवणाच्या कुरडया एकसारख्या करतो, आणि हा मला शिकवतोय!" पण पुढच्या राख्या त्यांनी चष्मा लावून केल्या.

पुढचे दिवस

पाणी आठवडाभरात उतरलं. शाळा सुरू झाली ती चिखल काढण्यापासून. गाळ गुडघाभर नव्हता, पण वऱ्हांड्यापर्यंत आला होता आणि बसायच्या सतरंज्या कुबट झाल्या होत्या. आम्ही फरशी धुतली, कार्डं पुसून पुन्हा दोऱ्याला लावली, राख्यांचे पुठ्ठे कापले, फिजिओच्या खुर्च्यांचे ढिले पट्टे शिवले. चित्रांच्या पट्टीवरून एका मुलीने सकाळी दहालाच 'भाकरी'चं कार्ड काढून मावशीच्या हातात दिलं. मावशीने घड्याळाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि अर्धी भाकरी दिली. बाईंनी तेवढ्यापुरता नियम मोडू दिला, कारण तिने पहिल्यांदाच रडून न मागता काहीतरी मागितलं होतं.

पैशाचं आता. पाव्हणीला जाताना शाळेला पैसे द्यायचे होते. मोठ्या बाईंनी घेतले नाहीत. परदेशी नागरिकाने दिलेले पैसे घ्यायला संस्थेकडे 2010 च्या एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याची नोंदणी लागते, आणि आता ते दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात. या संस्थेकडे ती नोंदणी नाही. माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यामुळे माझ्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे त्यात येत नाहीत. ते मी दिले आणि पावती घेतली. पाव्हणीने राख्या विकत घेतल्या, ढीगभर. त्यातल्या दोन साहेबाने परत घेतल्या, मणी वाकडा म्हणून.

बाकी बारीकसारीक. जुलैत जाल तर सुती कपडे नेऊ नका, वाळत नाहीत. कोल्हापुरी चप्पल पावसात घालायची नाही, दुकानदारच सांगतील. मिसळ ब्रेडच्या स्लाइसबरोबर येते, पावाची वाट बघू नका. मुलांसाठी चॉकलेट नेऊ नका. काहींना गिळायला त्रास होतो, काहींची साखर, आणि एकाला दिलं की पन्नासांना द्यावं लागतं. मुलांचे फोटो काढू नका, काढले तर कुठे टाकू नका. आमच्याकडे फक्त भाकरीचे, बादलीचे आणि मामांचे फोटो आहेत.

निघायच्या दिवशी मुलांना निरोप वगैरे काही दिला नाही, मोठ्या बाईंची तशीच सूचना होती. नेहमीसारखी गाडी गेली, आम्ही नेहमीसारखा हात केला. मग मोठ्या बाईंच्या खोलीत चहा झाला. पाव्हणीने विचारलं की पुढच्या वर्षी आमच्या शाळेतलं आणखी कुणी यायचं म्हणत असेल तर पाठवू का.

"पाठवा की," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण शिक्षक नको. व्हीलचेअरचं बेअरिंग बदलता येतं असा कुणी आहे का तुमच्याकडे? आणि शिवणकाम येणारं एक माणूस. जूनमध्ये आले तर बरं, राख्या सुरू व्हायच्या आत."

पाव्हणीचा नवरा सायकली दुरुस्त करतो. तिने तिथेच त्याला फोन लावला.